अक्कांच्या सहा कवड्या

मांडी घालून बसा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची घ्या, त्याने काही बिघडत नाही. एक श्वास घ्या आणि सावकाश सोडा. पुढचा घ्यायची घाई नको, तो आपणहून येतो.

आता डोळ्यांसमोर एक व्हरांडा आणा. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातला, लाल कोब्याच्या जमिनीचा. संध्याकाळचे सात वाजलेत. समोरच्या गच्च्यांच्या वर चामुंडी टेकडीचे दिवे लागलेत. आत कोणीतरी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबतंय, तिचा वास बाहेरपर्यंत येतोय. जमिनीवर चटई, चटईभोवती चार माणसं, मधे पोकरचा डाव. पैशाला इथे जागा नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळायला मनाई करणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला, पण या व्हरांड्यात त्याच्या कितीतरी आधीपासून चिंचोके आणि कवड्याच चालतात. चिंचोका म्हणजे एक, कवडी म्हणजे दहा. कवड्या देवराज मार्केटातून आणलेल्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. प्रत्येकाला डावाच्या सुरुवातीला तीस.

तुमच्यापुढे दोन पत्ते उपडे आहेत. अंगठ्याने कड किंचित उचला. बदामाची अठ्ठी. किलवरची अठ्ठी. पुन्हा खाली ठेवा.

मधोमध तीन पत्ते उघडे आहेत. इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी, इस्पिकची पंजी. म्हणजे तुमच्या तीन अठ्ठ्या झाल्या, आणि त्यातल्या दोन कोणाला दिसत नाहीत. हातात जोडी असताना फ्लॉपवर, म्हणजे या पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, तिसरं पान मिळणं आठ-नऊ वेळांत एकदाच घडतं. बऱ्याच संध्याकाळी ते घडतच नाही.

मधे तीन कवड्या जमल्या होत्या, तुमच्यासकट तिघांच्या. तुम्ही दोन लावल्या. डावीकडच्याने पत्ते टाकले. मग समोरच्या अक्कांनी चष्मा नाकावर नीट केला आणि सहा कवड्या एकेक करून पुढे सरकवल्या.

इथेच थांबू या. पुढचा सगळा वेळ आपण या एका क्षणात बसणार आहोत. अक्का गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, वाट बघायची त्यांना सवय आहे.

आधी अंगाकडे लक्ष द्या. छातीत काहीतरी धडधडतंय. कान गरम झालेत. बोटं कवड्यांकडे निघालीत. ती मागे घ्या आणि मांडीवर ठेवा. ही धडधड कशाची आहे, ते तिलाच विचारा. हात चांगला आल्याचा आनंद त्यात आहे, तो बरोबरच आहे. पण त्या आनंदाच्या खाली आणखी एक भावना आहे, ती जरा थांबल्याशिवाय दिसत नाही. माझ्यापुढे कोणी वाढवलंच कसं, अशी ती भावना. आपल्या दोन कवड्यांवर समोरच्याने सहा ठेवल्या की मनाला तो अपमान वाटतो. उत्तर द्यावंसं वाटतं, लगेच आणि मोठ्याने.

अक्कांनी तुमचा अपमान केलेला नाही. त्यांनी तुम्हाला एक बातमी दिली आहे. त्यांचे दोन पत्ते या तीन उघड्या पत्त्यांशी कुठेतरी जुळतात, किंवा जुळतात असं तुम्हाला वाटावं अशी त्यांची इच्छा आहे. सहा कवड्यांचा अर्थ एवढाच. ही बातमी हातात धरून बसा. बरी की वाईट, ते अजून ठरवू नका.

एक श्वास.

आता "चांगला हात" या शब्दांकडे बघू या. माझं आजोळ सावंतवाडीकडचं. तिथे दशावतारी गंजिफा मी पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा त्यांचा गोल आकार आणि लाखेची चकाकी एवढंच लक्षात राहिलं होतं. 120 पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळ शिकायला बसलो तेव्हा एका गोष्टीने मी चक्रावलो. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी येते आणि एक्का सगळ्यांत खालचा. उरलेल्या निम्म्या रंगांत सगळं उलटं, एक्का वर आणि दश्शी तळाला. म्हणजे दश्शी हातात आली एवढ्यावर हसायचं की नाही ते ठरत नाही, ती कोणत्या अवताराची आहे ते आधी बघावं लागतं. दिवसा खेळलात तर रामाचा राजा असणारा डाव उघडतो, रात्री खेळलात तर कृष्णाचा. सूर्य मावळला की त्याच पानाचं वजन बदलतं.

म्हैसूरने हे आणखी पुढे नेलं. मुम्मडि कृष्णराज वडेयर 1799 मध्ये लहान वयात गादीवर बसले आणि 1868 पर्यंत राजे राहिले. 1831 मध्ये इंग्रजांनी कारभार काढून घेतल्यावर त्यांच्याकडे वेळ होता, आणि तो त्यांनी विद्येत आणि खेळांत घातला. बुद्धिबळाच्या पटावर घोडा प्रत्येक घरात एकदाच जाऊन चौसष्ट घरं कशी फिरेल, याची कोडी त्यांनी रचली. 'श्रीतत्त्वनिधि' या त्यांच्या ग्रंथाच्या कौतुकनिधीत गंजिफांचे तेरा खेळ आहेत. त्यांना 'छद' म्हणतात. रंग अठरापर्यंत, आणि सर्वांत मोठ्या जोडात 360 पानं. इतक्या पानांत स्वतःचं पान किती मोठं हे सांगण्याआधी समोर काय काय असू शकतं ते आठवावं लागत असणार. हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे पसरले नाहीत. मला मात्र त्यांच्यातली एक गोष्ट रोज उपयोगी पडते: पानाचं मोल त्याच्या भोवतालात असतं.

तर तुमच्या तीन अठ्ठ्या. त्या चांगल्या आहेत का? मांडीवरचे हात तसेच राहू द्या आणि नजर स्वतःच्या पत्त्यांवरून उचला. ती अक्कांच्या दोन उपड्या पत्त्यांवर नेऊन ठेवा. आता तिथेच राहायचं आहे.

त्यांच्याकडे काय असू शकतं ते सावकाश मोजू या, घाई न करता, जपाचे मणी ओढावेत तसं.

राजांची जोडी. एक राजा मधे उघडा आहे, उरले तीन. तिघांतून दोन निवडायचे प्रकार तीन. अक्कांकडे हे असेल तर त्यांचे तीन राजे झाले आणि तुम्ही मागे पडलात. इतकं मागे, की शेवटची इस्पिकची अठ्ठी आली तरच वाचाल, आणि तसं शंभरात चार-पाच वेळाच होतं. हा मणी नीट हातात धरा, भीती वाटली तर वाटू द्या. तीन प्रकार.

पंजीची जोडी. तसेच तीन प्रकार. इथे तुम्ही खूप पुढे.

एक्का आणि राजा. चार एक्के, तीन राजे, बारा प्रकार. राजा आणि राणी, तितकेच बारा. या चोवीसमध्ये अक्कांना वाटतंय की राजाची जोडी लागली, आता वाढवायला हरकत नाही. इथे तुम्ही इतके पुढे आहात की त्यांच्या बाजूने दोन्ही पुढची पानं नेमकी पडली तरच त्या सुटतील.

आणि इस्पिकची दोन पानं. राजा आणि पंजी उघडी, तेव्हा बाहेर अकरा इस्पिकं उरली. कागदावर त्यांच्या पंचावन्न जोड्या होतात, पण अक्का दुर्री-चौकीवर कवडी लावणाऱ्यांतल्या नव्हेत. चांगल्या दहा-बारा धरा. या मण्यात त्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्या पाचव्या इस्पिकची वाट बघताहेत.

बेरीज करा. तीन, तीन, चोवीस, बारा. बेचाळीस प्रकारांत तीन ठिकाणी तुम्ही हरता. चौदातून एकदा.

अजून एक आठवा. पत्ते वाटल्यावर अक्का गपचूप एक कवडी ठेवून आत आल्या होत्या. राजांची जोडी असती तर त्यांनी तेव्हाच वाढवलं असतं, इतक्या संध्याकाळी त्यांना बघून एवढं मला सांगता येतं. म्हणजे ते तीन प्रकार आणखी बारीक झाले. त्याच न्यायाने एक्का-राजाही थोडे कमी धरा, सोयीची तेवढीच वजाबाकी करू नका.

छातीतली धडधड आता कुठे आहे ते बघा. मोजता मोजता ती खाली आली असेल. मला हे दर वेळी जाणवतं. समोरच्याच्या पत्त्यांचा खराखुरा विचार करत असताना माणूस स्वतःच्या पत्त्यांवर लुब्ध राहू शकत नाही.

थोडा वेळ असंच बसा. कॉफी येईल तेव्हा येईल.

या व्हरांड्यापासून थोड्याच अंतरावर श्रीरंगपट्टण आहे. मनाने तिथे चला. कावेरीच्या दोन प्रवाहांमधलं बेट, बेटावर टिपूचा किल्ला. साल 1791, मे महिना. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस मार्चमध्ये बंगळूरचा किल्ला घेऊन इथवर आला आहे. 15 मे रोजी अरकेरेजवळ लढाई झाली आणि टिपूची फौज मागे हटली. किल्ला समोर दिसतोय. हात चांगला आहे, कोणालाही हेवा वाटावा इतका.

पण छावणीत धान्य संपलंय. पावसात आणि चाऱ्यावाचून तोफा ओढणारे बैल पटापट मरताहेत. ठरल्याप्रमाणे मराठ्यांची फौज येऊन मिळायची होती, तिचा पत्ता नाही. ती निघालीच आहे की नाही, तेही कळत नाही, कारण टिपूचे स्वार मधल्या वाटेवर जासूद गाठताहेत. आता तुम्ही कॉर्नवॉलिसच्या जागी बसा. तुमचे पत्ते तुम्हाला दिसतात, उरलेला पट उपडा आहे.

त्याने हात टाकला. जड तोफा स्वतःच्या हाताने निकामी केल्या आणि माघारी वळला. वाटेत घोडेस्वारांची एक तुकडी दिसली. शत्रूच आला असं वाटून बंदुका सरसावल्या गेल्या, आणि मग कळलं की ते मराठे आहेत. मागून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपल्या फौजा घेऊन येत होते. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य होतं, महाग पण भरपूर. काही दिवसांचाच फरक.

इथे थोडं रेंगाळा. मन लगेच म्हणतं, चुकलाच तो, थोडं थांबायला हवं होतं. हे म्हणणारं मन उघडे पत्ते बघून बोलतंय. त्या दिवशी त्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यात उपाशी फौज वाचवणं बरोबर होतं, असं मला वाटतं. हात चांगला असला तरी पुढे लावायला कवड्याच उरल्या नव्हत्या. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि निकाल चांगला लागला म्हणून निर्णयाला शहाणपण चिकटत नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो परत आला, हरिपंत आणि निजामाची फौज बरोबर घेऊन, धान्याची नीट सोय करून. 18 मार्च 1792 च्या तहात टिपूला निम्मं राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये द्यावे लागले, आणि दोन लहान मुलगे ओलीस ठेवावे लागले. त्या मुलांचा विचार केला की मला कोणाच्याच विजयाचा आनंद होत नाही. पण हात टाकल्याने डाव संपत नाही, हे मात्र या मैदानावर घडलेलं आहे.

परत व्हरांड्यात या. चटई पायाला लागतेय. अक्का अजून वाट बघताहेत.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, पत्ते टाकणं. बेचाळीसमध्ये तीन ठिकाणी मागे असलेला हात टाकायचं काहीच कारण नाही. ही वाट मिटवा.

दुसरी, आणखी चार कवड्या ठेवून गप्प राहणं. मधे अकरा कवड्या आहेत, त्यांच्यासाठी चार. शंभरात 27 वेळा जिंकलात तरी ती किंमत वसूल होते, आणि तुम्ही त्याहून कितीतरी जास्त वेळा पुढे आहात. ही वाट मोहाची आहे. जाळं लावून बसावं, अक्कांना पुढे येऊ द्यावं. मधली तीन पानं तीन वेगळ्या रंगांची असती, राजा, अठ्ठी आणि एखादी दुर्री, तर मीही हेच केलं असतं. तिथे वाट बघण्यात धोका फार थोडा, आणि समोरचा थाप मारत असेल तर त्याला आणखी एकदा मारू द्यावी.

पण इथे दोन इस्पिकं पडलेली आहेत. या वाटेवर माझं काय झालं ते सांगतो. गेल्या आषाढात, बाहेर पाऊस असताना, माझ्याकडे असाच हात होता. सत्त्या होत्या. अक्कांनी वाढवलं आणि मी खोल श्वास घेऊन, चेहरा कोरा ठेवून, फक्त तेवढंच ठेवलं. माझ्या लपवण्यावर मी खूश होतो. पुढचं पान इस्पिक आलं. अक्कांनी लावलं, मी दिलं. शेवटच्या पानानंतर पुन्हा लावलं, मी पुन्हा दिलं, कारण सत्त्या टाकवत नव्हत्या. गेल्या त्या कवड्यांचं काहीच वाटलं नाही. नंतर अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आलं की अक्कांकडे काय असू शकेल हे मी त्या डावात एकदाही मोजलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी माझ्याच तीन सत्त्यांकडे बघत होतो. ते मला अजून लागून आहे.

तेव्हा तिसरी वाट नीट बघू या. पुन्हा वाढवायचं, सगळं मिळून सोळा कवड्यांवर.

अक्का इस्पिकची वाट बघत असतील तर बाहेर त्यांना हवी असलेली नऊ पानं आहेत. त्यातली इस्पिकची अठ्ठी तुमच्या चार अठ्ठ्या करते, म्हणून त्यांच्या कामाची आठच. न दिसलेल्या पंचेचाळीस पानांत आठ, म्हणजे पुढच्या पानावर शंभरात 18 वेळा. पुढची दोन्ही पानं धरली तरी चारातून तीन वेळा तुम्हीच जिंकता. सोळा लावल्यात की अक्कांना पंचवीससाठी आणखी दहा ठेवाव्या लागतील, त्यासाठी शंभरात 28-29 वेळा तरी जिंकायला हवं. त्या गणिताच्या शिक्षिका आहेत, त्यांना ही किंमत जड आहे ते कळेल. चार ठेवून गप्प राहिलात तर तीच वाट तुम्ही त्यांना स्वस्तात मोकळी करून दिलीत.

आणि अक्कांकडे राजा असेल तर? इथे लोक चुकतात. त्यांना वाटतं राजावाला कुठे पळून जातो, पुढच्या पानावर घेऊ त्याच्याकडून. पण पुढचं पान इस्पिक आलं की राजावालाही घाबरतो आणि हात आखडता घेतो. आज, या तीन पानांवर, तो सगळ्यांत जास्त द्यायला तयार आहे. सोळा त्यांनी दिल्या तर मधे पस्तीस होतील आणि दोघांकडे तेरा-तेरा उरतील. पुढच्या पानावर त्या आपोआप आत येतील, वेगळी युक्ती करावी लागणार नाही.

अक्का थाप मारत असतील तर वाढवल्यावर त्या पत्ते टाकतील आणि तुम्हाला थोडं कमी मिळेल. त्या महिन्यातून एखादवेळी थाप मारतात. तेवढं सोडून द्या.

उरले ते तीन प्रकार. राजांची जोडी. हा मणी पुन्हा हातात घ्या, कारण सोळा लावल्यावर जी भीती वाटेल ती इथूनच येईल. अक्कांनी तीन राजे उघडले तर तुमच्या तीसही कवड्या जातील. त्याची कल्पना आत्ताच करा, पूर्ण. राजे चटईवर पडलेत, अक्का कवड्या ओढून घेताहेत. तुम्ही पत्ते गोळा करून पिसताय. बघा, श्वास चालू आहे. हे होऊ शकतं हे माहीत असूनही बोटं तीच चाल करत असतील, तर ती चाल तुमची आहे.

माझा कौल वाढवण्याचा आहे. या पानांवर, या अक्कांसमोर, पुढे तेरा उरत असताना. यातलं एक जरी वेगळं असतं तर मी पुन्हा बसलो असतो.

डोळे उघडा. चौदा कवड्या मोजा, दोन आधीच मधे आहेत. सगळ्या एकदम पुढे सरकवा, मधे थांबू नका, काही बोलू नका. हात परत मांडीवर आणा.

आता विचार करायची पाळी अक्कांची. त्यांना हवा तेवढा वेळ द्या.